सात क्विंटल सोयाबीनचा हिशोब
सी भाषेतल्या मूलभूत डेटा टाइप्सची ओळख : प्रस्तावना

२०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. सहा क्विंटलचे २९,३५२ रुपये होतात आणि सात क्विंटलचे ३४,२४४. लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात हा गुणाकार कुणीही तोंडी करून दाखवेल. आता तोच सी भाषेत लिहा. भाव 'इंट', म्हणजे पूर्णांक, ठेवा, वजन 'इंट' ठेवा, रक्कमही 'इंट' ठेवा आणि कित्येक वर्षं आपल्याकडच्या लॅबमध्ये वापरात असलेल्या निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर प्रोग्राम चालवा. सहा क्विंटलपर्यंत उत्तर बरोबर येतं. सातवा क्विंटल घातला की पडद्यावर उणे ३१,२९२ उमटतं. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्राम थांबत नाही, व्याकरणात कुठे दोष नसतो. गुणाकार करण्याआधी जो एक निर्णय घेतला होता, तो चुकलेला असतो.

टर्बो सीमध्ये इंटला सोळा बिट मिळतात. सोळा बिटांच्या एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांसाठी गेल्या की शून्यासह धन बाजूला ३२,७६७ पर्यंतच जागा उरते. ३४,२४४ तिच्यात मावत नाही. मग यंत्र त्याच सोळा बिटांचा वेगळा अर्थ लावतं, म्हणजे ३४,२४४ मधून ६५,५३६ वजा होतात. यावर वर्गात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रक्कम 'लाँग' या मोठ्या पूर्णांकात ठेवणे. करून पाहा, उत्तर तेच येतं. गुणाकार दोन इंटमध्ये झाला, तो इंटमध्येच बिघडला आणि बिघडलेलं उत्तर मोठ्या जागेत ठेवलं गेलं. गुणाकार होण्याआधीच दोघांपैकी एकाला लाँग करावं लागतं. एवढी एक गोष्ट ज्याला स्वतःच्या हाताने सापडली, त्याला डेटा टाइप म्हणजे काय हे अर्धंअधिक कळलं असं मी मानतो.

ही पुस्तिका त्या सापडण्यासाठी, आपल्या भागातल्या मुलांसाठी लिहिली आहे. नांदेडच्या श्री गुरु गोविंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेची स्थापना १९८१ ची; स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला सुरू झालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्या कक्षेत आहेत. कंधार, मुखेड, देगलूर, किनवट, उदगीर, अहमदपूर इथून मुलंमुली नांदेड-लातूरला येतात. बारावीपर्यंत अनेकांचं शिक्षण मराठी किंवा सेमी-इंग्रजीत झालेलं असतं आणि पॉलिटेक्निक, बीसीए, बीएस्सी किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात सी समोर येते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक तक्ता येतो: इंट दोन बाइट, फ्लोट चार बाइट, डबल आठ, कॅर एक, शेजारी किमान आणि कमाल किमती. तो पाठ होतो, परीक्षेत विचारला जातो, गुण मिळतात.

लातूर पॅटर्नने या भागातल्या मुलांना खूप दिलं आहे. सराव, पुन्हा सराव, चाचणी, पुन्हा चाचणी या शिस्तीवर इथली हजारो मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली आणि त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा तक्ता त्या पद्धतीने हाताळण्याचा विषय नाही, कारण त्यातला मुख्य आकडा सी भाषेचा नव्हेच. 'इंट दोन बाइट' हे १९८७ साली बोरलँड कंपनीने आणलेल्या टर्बो सी या कंपायलरबद्दलचं सत्य होतं. आज तुमच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर जीसीसी हा कंपायलर चालवलात तर इंट चार बाइट निघेल. सीच्या मानकाने इंटला फक्त एक खालची हद्द घालून दिली आहे: सोळा बिटांपेक्षा कमी नको. वर किती जायचं ते यंत्र आणि कंपायलर मिळून ठरवतात. त्यामुळे पाठ करायचा तक्ता आणि करायचा विचार या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. विचार नेहमी त्या वस्तूपासून सुरू होतो: मी जे साठवणार आहे ते मोजायचं आहे की नुसतं ओळखायचं आहे, ते जास्तीत जास्त किती वाढेल, शून्याच्या खाली जाईल का, त्याचा अपूर्णांक खरा आहे का. हे प्रश्न बाजारात, तलाठी कार्यालयात, निकालपत्रात वावरलेल्या मुलाला नवे नाहीत. ते ज्ञान त्याच्याकडे आधीच असतं. ते सीकडे कसं न्यायचं, एवढंच शिकायचं आहे.

डेटा टाइप भाषेत आले तेही गरजेपोटी. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी तयार केलेल्या 'बी' भाषेत टाइप नव्हतेच. प्रत्येक गोष्ट म्हणजे यंत्राचा एक शब्द. त्याला संख्या म्हणायचं, पत्ता म्हणायचं की आणखी काही, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवायचं. मग पीडीपी-११ हे यंत्र आलं. त्याचा शब्द सोळा बिटांचा, पण त्यात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. एकेक अक्षर एकेका बाइटमध्ये ठेवणं आता सोपं होतं, पण बीला बाइट नावाची गोष्टच माहीत नव्हती. अपूर्णांकांची अडचण वेगळी: ते सोळा बिटांत मावणारच नव्हते. डेनिस रिची यांनी बीमध्ये आधी इंट आणि कॅर हे टाइप आणले आणि त्यातून सी घडत गेली. १९७२ हे त्या घडणीचं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष. म्हणजे आज आपण ज्या याद्या पाठ करतो त्या एका खऱ्या यंत्राशी झालेल्या झटापटीतून निघाल्या आहेत. हा इतिहास वर्गात दोन मिनिटांत सांगता येतो आणि तो सांगितला की 'असं का' हा प्रश्न विचारायला मुलं धजावतात.

व्हेरिएबल म्हणजे डबा आणि टाइप म्हणजे डब्याचा आकार, असं शिकवण्याची रूढी आहे. ती निम्मीच उपयोगी आहे. आकार कळतो, पण टाइपचं दुसरं आणि जास्त खोल काम झाकलं जातं. मेमरीत फक्त बिट असतात. शून्य, एक, पाच शून्य, एक अशी आठ बिटांची ओळ घ्या. तिला संख्या मानलं तर ती ६५ आहे. अक्षर मानलं तर ते इंग्रजीतलं पहिलं कॅपिटल अक्षर आहे. बिट तेच. अर्थ टाइपने दिला. म्हणूनच अवतरणचिन्हात लिहिलेला पाचचा आकडा हा पाच नसतो. त्याची किंमत ५३ असते आणि असे दोन पाच मिळवले तर उत्तर १०६ येतं. नवशिक्याला हे विचित्र वाटतं. पण अक्षर म्हणून लिहिलेला पाच आणि मोजलेले पाच यांतला फरक यंत्राला आपणच सांगायचा असतो, हे पटलं की विचित्रपणा जातो.

पूर्णांकांच्या घराण्यात शॉर्ट, इंट, लाँग आणि १९९९ च्या मानकापासून लाँग लाँग अशी भावंडं आहेत. त्यांच्यातून निवड कशी करायची? आपल्या भागातलेच आकडे घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. सोळा बिटांच्या इंटमध्ये गाडी तर सोडाच, एका वाघिणीचं पाणीही मावत नाही. २०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,५४,१९६ आणि नांदेड जिल्ह्याची ३३,६१,२९२ होती. बत्तीस बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जागा असल्याने हे दोन्ही जिल्हे, सगळा महाराष्ट्र आणि त्या जनगणनेतला सगळा भारतही आरामात बसतो. जगाची लोकसंख्या बसत नाही. तिथे लाँग लाँग लागतो. लाँगबद्दल मात्र सावध राहा. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो चार बाइटचा असतो आणि चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटचा. नांदेडच्या लॅबमध्ये बरोबर चाललेला प्रोग्राम पुण्यातल्या कंपनीच्या सर्व्हरवर वेगळा वागला, तर पहिला संशय इथे घ्यावा. नेमकी रुंदी हवी असेल तिथे 'स्टडइंट' या हेडर फाइलमधले ठरावीक बिटांचे टाइप वापरावेत. त्यांना एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

चिन्हाचा प्रश्न समजवायला लातूरइतकं योग्य गाव दुसरं नाही. नीट परीक्षेत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. गुण साठवण्यासाठी कोणता टाइप घ्याल? वर्गात बहुतेक जण कमाल ७२० पाहून थांबतात आणि काही हुशार मुलं 'गुण म्हणजे धनच' असं म्हणून 'अनसाइन्ड' सुचवतात. पण सगळी उत्तरं चुकली तर गुण उणे १८० होतात. अनसाइन्ड इंटमध्ये उणे एक ठेवायला गेलात तर बत्तीस बिटांच्या यंत्रावर ४,२९,४९,६७,२९५ मिळतात आणि गुणानुक्रम लावणारा प्रोग्राम त्या मुलाला राज्यात पहिला आणून ठेवतो. एका बाइटचा साइन्ड कॅर उणे १२८ ते १२७ एवढाच असल्याने तो दोन्ही टोकांना अपुरा पडतो. शॉर्ट पुरतो. या एका प्रश्नात विस्तार, चिन्ह आणि काटकसर तिन्ही येतात. अशी उदाहरणं आपल्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या नुसती समोर बसलेली होती आणि आपण मात्र विदेशी पुस्तकातल्या फॅरेनहाइटच्या तक्त्यांवरून शिकवत राहिलो, याची मला खंत वाटते.

अपूर्णांक हा या पुस्तिकेतला सगळ्यात लांब भाग आहे आणि तो तसाच असायला हवा. सुरुवात टक्केवारीने करू. ६०० पैकी ५५३ गुण. दोन्ही इंट ठेवून आधी भागाकार केला आणि मग शंभराने गुणलं तर उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते. आधी शंभराने गुणलं तर आजच्या यंत्रावर ९२ येतं. खरं उत्तर ९२.१७ च्या जवळ आहे. टर्बो सीवर मात्र त्याच ओळीने उणे १७ येतं, कारण ५५,३०० हा मधला आकडाच सोळा बिटांत मावत नाही. एकच गणित, तीन उत्तरं आणि तिन्ही चूक. जिथे प्रवेशाची यादी दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर ठरते, त्या गावातल्या मुलांना हा भागाकार मी कधीही घाईने शिकवणार नाही. शंभरच्या जागी शंभर पॉइंट शून्य लिहिलं की गुणाकार डबल या अपूर्णांकी टाइपमध्ये होतो आणि उत्तर सुधारतं.

मग वाटायला लागतं की सगळीकडे फ्लोट वापरला की झालं. तसं नाही. फ्लोट चार बाइटचा. त्यात साधारण सहा-सात अर्थपूर्ण अंक टिकतात. डबल आठ बाइटचा. त्यात पंधराएक टिकतात. एखाद्या दिवसाची उलाढाल दोन कोटी एक रुपया असेल आणि ती फ्लोटमध्ये ठेवलीत, तर परत काढताना दोन कोटीच निघतात. रुपया कुठे गेला ते प्रोग्राम सांगत नाही. शिवाय दहा पैसे, म्हणजे एक दशांश रुपया, द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहून होत नाही. एक भागिले तीन जसं आपल्या दशमान पद्धतीत संपत नाही, तसंच ते. म्हणून फ्लोटमध्ये ठेवलेली ६.२ ही किंमत आणि प्रोग्राममध्ये थेट लिहिलेली ६.२ यांची बरोबरी तपासली तर उत्तर बहुधा 'नाही' येतं: पहिली फ्लोटइतकी छाटलेली असते, दुसरी डबल.

पैशाच्या हिशोबावर माझं मत स्पष्ट आहे: पैसे पूर्णांकात ठेवावेत आणि रुपयांऐवजी पैशांत मोजावेत. हमाली आणि तोलाई लावताना जिथे राउंडिंग करावं लागेल, तिथे ते आपण आपल्या नियमाने करायचं. यंत्राने आपल्या नकळत केलेलं नको. जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये पूर्णांक म्हणून ठेवलं की वाटण्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी तंतोतंत जुळते. तापमान, भूकंपाची तीव्रता, नदीच्या प्रवाहाचा वेग अशा मोजून आलेल्या, मुळातच थोड्या अंदाजाच्या राशींसाठी डबल हाच योग्य. मोजलेली राशी आणि मोजदाद केलेली राशी यांतला हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकांत फार थोड्या जागी सांगितलेला सापडतो.

आता आकड्यांत लिहिल्या जाणाऱ्या, पण संख्या नसलेल्या गोष्टी. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक ११२/२ घ्या. तो गणित म्हणून सीला दिलात तर ती भागाकार करून ५६ ठेवेल आणि शेत दुसऱ्याच गटात जाईल. मोबाइल नंबर नऊने सुरू होणारा दहा अंकी असेल तर बत्तीस बिटांच्या इंटमध्ये मावतच नाही. मावला असता तरी दोन नंबरांची बेरीज कुणाला हवी असते? लातूरच्या गाड्यांचा एमएच २४, नांदेडचा एमएच २६, पिन कोड, परीक्षेचा आसन क्रमांक: या सगळ्या ओळखखुणा आहेत. बेरीज-वजाबाकीला अर्थ नसेल तर ते अक्षरांच्या ओळीत, म्हणजे कॅरच्या ॲरेमध्ये ठेवावं.

आणि त्या ॲरेमध्ये आपण आपल्या लिपीत काही लिहिलं तर? 'लातूर' या शब्दात काना आणि उकार धरून पाच युनिकोड चिन्हं आहेत. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणून या शब्दाची लांबी सीच्या लायब्ररीला विचारली तर ती १५ सांगते. 'नांदेड'ची १८. शेवटच्या शून्य बाइटसाठी आणखी एकेक. गावाचं नाव ठेवायला दहा कॅरचा ॲरे पुरेसा आहे असं इंग्रजी उदाहरणांवर शिकलेला विद्यार्थी धरून चालतो आणि मराठी नाव शेजारच्या मेमरीवर सांडतं. कॅरला अक्षर समजणं ही सवय मोडावी लागते: सीमधला कॅर म्हणजे एक बाइट. इंग्रजीत एक बाइट आणि एक अक्षर योगायोगाने जुळतात, मराठीत जुळत नाहीत. मराठीत प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या पुस्तकाने हे सुरुवातीलाच सांगायला हवं, म्हणून या पुस्तिकेत ते दुसऱ्या प्रकरणातच येतं.

व्हॉइड आणि बूल या उरलेल्या टाइपांसाठी इथे थांबत नाही. व्हॉइडचा खरा उपयोग फंक्शन आणि पॉइंटर आल्याशिवाय कळत नाही आणि बूल समजायला दोन ओळी पुरतात. उत्तर पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफबद्दल मात्र एक इशारा: तिथे टाइप दुसऱ्यांदा सांगावा लागतो. व्हेरिएबल डबल आणि लिहिलं इंटसाठीचं पर्सेंट-डी, तर पडद्यावर काहीही येऊ शकतं. कंपायलरच्या सूचना पूर्ण चालू ठेवा. सूचना पिवळ्या दिसल्या तरी दुर्लक्ष करून 'रन होतंय ना' म्हणणं ही लॅबमधली सगळ्यात महाग सवय आहे.

टाइपची चूक किती महाग पडते याचं उदाहरण ४ जून १९९६ चं आहे. एरियान-५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण चाळीस सेकंदांच्या आत संपलं. चौसष्ट बिटांची एक अपूर्णांकी किंमत सोळा बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली आणि रॉकेट फुटलं. भाषा सी नव्हती, ॲडा होती. निर्णय मात्र सोयाबीनच्या गुणाकारातलाच होता. आणखी एक तारीख अजून यायची आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मोजणारी जुनी यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच पुरेल. आज पहिल्या वर्षात असलेली मुलं तेव्हा ऐन उमेदीत नोकरी करत असतील आणि अशा यंत्रणा शोधून दुरुस्त करण्याचं काम त्यांच्यापैकी काहींकडे येईल.

पुस्तिकेतली सगळी उदाहरणं संगणक नसला तरी मोबाइलवरच्या कंपायलरवर चालतील अशी ठेवली आहेत; वसतिगृहात राहणाऱ्या मुलांकडे बहुधा तेच साधन असतं. ज्यांनी याआधी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचलं आहे, त्यांनी पहिलं प्रकरण भराभर चाळून दुसऱ्याकडे वळावं. बाकीच्यांनी क्रम सोडू नये. पहिल्या प्रकरणातला पहिला प्रोग्राम 'साइझऑफ' वापरून प्रत्येक टाइपचे बाइट छापतो आणि 'लिमिट्स' या हेडर फाइलमधून पूर्णांकांच्या कमाल-किमान किमती दाखवतो. तो तुमच्या फोनवर चालवा, मग लॅबमधल्या यंत्रावर चालवा आणि दोन्हीकडचे आकडे त्या पानाच्या समासात पेन्सिलीने शेजारी शेजारी लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणातल्या गणितांना पुस्तकातला कोणताही तक्ता चालणार नाही, हेच आकडे लागतील.